जपानी शिक्षकांची एकजूट आणि भोर-वेल्ह्याची कसोटी

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान पुणेकरांना नव्याने सांगायला नको. जपानमधील ओकायामा शहरातल्या कोराकुएन या प्रसिद्ध बागेच्या धर्तीवर उभारलेले हे उद्यान २००६ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि पुणे व जपान यांच्या स्नेहाची ती एक ठळक खूण ठरली. याच रस्त्याने तसेच पुढे गेले, की खडकवासला मागे पडते आणि पानशेत धरणापाशी आपण वेल्हे तालुक्यात पोहोचतो. सातारा रस्त्याने गेल्यास नसरापूरला वेल्ह्याचा आणि कापूरहोळला भोरचा फाटा लागतो. पुण्यापासून फार तर दीड-दोन तासांचे हे अंतर. मात्र जपानी भाषेच्या शिक्षणाचा विचार केला, तर ते बरेच अधिक आहे.

पुणे शहरात जपानी शिकविण्याची परंपरा जुनी आहे. फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचा स्वतंत्र विभाग आहे. याशिवाय लहानमोठे खासगी वर्ग आहेत आणि घरच्या घरी चार-पाच विद्यार्थ्यांना शिकविणारे शिक्षकही आहेत. ही सारी मंडळी एकच भाषा शिकवितात. पण त्यांच्या कामाचे स्वरूप, त्यांचे विद्यार्थी आणि त्यांच्या अडचणी एकमेकींपेक्षा वेगळ्या असतात. म्हणूनच त्यांच्या व्यावसायिक संघटना किती असाव्यात, त्या वेगवेगळ्या असाव्यात की एकत्र याव्यात, हा प्रश्न वरवर वाटतो तितका किरकोळ नाही. भोर किंवा वेल्ह्यातील एखाद्या मुलाला चांगला शिक्षक मिळणार की नाही, हे काही अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

मागणी वाढली, शिक्षक कोठे?

एक काळ असा होता, की जपानी शिकणारा पुणेकर बहुधा अभियंता असे, किंवा साहित्य-संस्कृतीच्या ओढीने या भाषेकडे वळलेला असे. पुढे माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी जपानी ग्राहकांसाठी दुभाषे आणि अनुवादक शोधायला सुरुवात केली. आता तिसरा टप्पा आला आहे. जपानची लोकसंख्या वृद्ध होत चालली आहे आणि तेथे काम करणारे हात अपुरे पडत आहेत. एप्रिल २०१९ पासून जपानने 'विशिष्ट कौशल्यधारक' कामगारांसाठी नव्या प्रकारचा निवास परवाना सुरू केला. भारताने जानेवारी २०२१ मध्ये या संदर्भात जपानशी सहकार्याचा करार केला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांच्या भेटीत पाच वर्षांत पाच लाखांहून अधिक लोकांची परस्परांकडे ये-जा व्हावी आणि त्यात भारतातून पन्नास हजार कुशल व होतकरू व्यक्ती जपानला जाव्यात, असे उद्दिष्ट जाहीर झाले.

वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, हॉटेल व्यवसाय, अन्नप्रक्रिया अशी ही क्षेत्रे आहेत. अशा कामासाठी जाणारा तरुण किंवा तरुणी आयटी पार्कमधून येणार नाही. ती तालुक्याच्या गावातून येणार. बारावीनंतर परिचारिकेचा अभ्यासक्रम केलेली, आयटीआयमधून बाहेर पडलेली, किंवा शेतीत भागत नाही म्हणून पुण्याची वाट धरणारी ही मुले आहेत. भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके डोंगराळ, पावसाचे आणि धरणांचे. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत या धरणांचे पाणी खाली शेतीला आणि शहराला जाते. पाण्यामागोमाग तरुण मनुष्यबळही खाली उतरते, हा येथला जुना अनुभव आहे.

या मुलांना जपानला जाण्यासाठी कौशल्याच्या परीक्षेबरोबर भाषेची परीक्षाही द्यावी लागते. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा, म्हणजे जेएलपीटी, १९८४ पासून घेतली जाते. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत. एन-५ ही सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत कठीण. विशिष्ट कौशल्यधारक परवान्यासाठी साधारणपणे एन-४ किंवा २०१९ मध्ये सुरू झालेली जेएफटी-बेसिक ही संगणकावरील परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. शुश्रूषेच्या कामासाठी त्या क्षेत्रातील जपानीची आणखी एक परीक्षा असते. जुन्या पद्धतीत एन-४ च्या जवळपासच्या पातळीसाठी सुमारे तीनशे कांजी, म्हणजे चित्रलिपीतील अक्षरे, आणि दीड हजार शब्द अपेक्षित होते. अभ्यासाचे सुमारे तीनशे तास गृहीत धरलेले असत. चांगला शिक्षक असेल तर हे साध्य होते. शिक्षक बेताचा असेल, तर मुलाचे पैसे जातात, वर्ष जाते आणि गावात 'ते काही आपल्यासारख्यांचे काम नव्हे' असा समज रुजतो.

मग चांगले शिक्षक किती आहेत? जपान फाउंडेशनच्या २०१८ च्या पाहणीत भारतात जपानी शिकणाऱ्यांची संख्या ३८ हजारांच्या आसपास आणि शिक्षकांची संख्या एक हजाराच्या आसपास होती. देशाच्या आकारमानाने हे आकडे अल्प आहेत. भारत व जपान यांनी २०१७ मध्ये एक हजार जपानी शिक्षक घडविण्याचे उद्दिष्ट ठरविले आणि २०१८ मध्ये दिल्लीत शिक्षक प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, ते याच गरजेतून. खुद्द जपानने एप्रिल २०२४ पासून जपानी शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी राष्ट्रीय नोंदणीची पद्धत आणली आहे. आपल्याकडे मात्र जपानी शिकविण्यासाठी शिक्षकाच्या पात्रतेची अशी कोणतीही राष्ट्रीय परीक्षा नाही. पाटी लावली की वर्ग सुरू होतो. अशा वेळी गुणवत्तेची काळजी वाहणारी एकच यंत्रणा उरते, ती म्हणजे शिक्षकांची स्वतःची संघटना.

संघटना काय करते?

कामगार संघटना आणि व्यावसायिक संघटना यांत आपण अनेकदा गल्लत करतो. भाषाशिक्षकांची संघटना वेतनवाढीसाठी मोर्चा काढीत नाही. ती कार्यशाळा भरविते, नव्या शिक्षकाला जुन्या शिक्षकाशी जोडून देते, वक्तृत्व स्पर्धा घेते, परीक्षांचे आयोजन करते आणि अध्यापनातील अनुभव लिहून ठेवते. 'जपानीज लँग्वेज टीचर्स असोसिएशन, पुणे', म्हणजेच 'जाल्टॅप', ही पुण्यातील संघटना याच प्रकारची असून पुणे केंद्रावरील प्रावीण्य परीक्षेचे आयोजन तिच्याकडे आहे. दिल्लीत 'जपानीज लँग्वेज टीचर्स असोसिएशन ऑफ इंडिया' आहे. बंगळूरमध्ये 'निहोंगो क्योशी काई' आहे. निहोंगो म्हणजे जपानी भाषा, क्योशी म्हणजे शिक्षक आणि काई म्हणजे मंडळ. अन्य शहरांतही परीक्षा आणि अध्यापन यांभोवती अशी मंडळे उभी राहिली आहेत.

या संघटना शहरागणिक वाढल्या, यात आश्चर्य नाही. ज्या काळात दूरध्वनीचा ट्रंक कॉल लावून तासभर बसावे लागे, त्या काळात दिल्लीच्या शिक्षकाने पुण्याच्या शिक्षकाची अडचण सोडविणे शक्यच नव्हते. प्रत्येक शहराने आपापली सोय केली. आज अंतराची ती सबब उरलेली नाही, आणि कामाचा व्याप मात्र शहराच्या हद्दीबाहेर गेला आहे. म्हणूनच एकीकरणाचा विचार करायचा, तर तो कसा करावा, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेत आहे.

अमेरिकेतील दोन संघटनांची गोष्ट

अमेरिकेत 'असोसिएशन ऑफ टीचर्स ऑफ जपानीज' ही संघटना १९६३ मध्ये स्थापन झाली. तेव्हा जपानी ही मुख्यतः विद्यापीठांत शिकविली जाणारी भाषा होती. साहजिकच या संघटनेत प्राध्यापकांचा भरणा होता, तिचे नियतकालिक विद्वत्तापूर्ण होते आणि तिचे वार्षिक अधिवेशन आशियाई अभ्यासाच्या विद्वत्परिषदेला जोडून भरत असे. पुढे १९८० च्या दशकात जपानी उद्योगांचा दबदबा वाढला आणि अमेरिकेतील शाळांमधून जपानीचे वर्ग सुरू झाले. शाळेतल्या शिक्षकाला प्राचीन काव्यावरील शोधनिबंधापेक्षा पस्तीस मुलांच्या वर्गात हिरागाना कसे शिकवावे, याची चिंता अधिक होती. त्यांची वेगळी संघटना उभी राहिली. 'नॅशनल कौन्सिल ऑफ जपानीज लँग्वेज टीचर्स' हे तिचे नाव. तिचे अधिवेशन परकीय भाषा शिकविणाऱ्या सर्व शिक्षकांच्या राष्ट्रीय मेळाव्याबरोबर होत असे.

एकाच भाषेचे दोन पंथ झाले, असे म्हणता येईल. परंतु दोघांचे विद्यार्थी तेच होते. शाळेत चार वर्षे जपानी शिकलेला मुलगा महाविद्यालयात गेला, की पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करी. कारण शाळेत काय शिकविले जाते, हे प्राध्यापकाला ठाऊक नसे आणि विद्यापीठाला काय हवे, हे शाळेला ठाऊक नसे. महाविद्यालयीन श्रेयांक मिळवून देणारी शालेय पातळीवरील जपानीची परीक्षा २००७ मध्ये प्रथम झाली, तेव्हा या दोन जगांनी एकत्र बसणे अपरिहार्य झाले होते. त्यातच २००८ च्या आर्थिक मंदीनंतर शाळांच्या अंदाजपत्रकांना कात्री लागली. अशा कपातीत आधी परकीय भाषांचे वर्ग जातात. त्यांच्या बाजूने बोलणारा एक ठाम आवाज हवा होता.

या दोन संघटनांनी एकदम विलीनीकरण केले नाही, ही यातील लक्षात घेण्याजोगी बाब आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी प्रथम एक संयुक्त आघाडी स्थापन केली. दोघींचे अस्तित्व कायम ठेवून, सामाईक कामे तेवढी एकत्र करायची, असा तो मार्ग होता. एक तपाहून अधिक काळ एकत्र काम केल्यावर, एकमेकींच्या सवयी ओळखल्यावर, २०१२ मध्ये त्या एक झाल्या आणि 'अमेरिकन असोसिएशन ऑफ टीचर्स ऑफ जपानीज' अस्तित्वात आली.

एकत्र आल्यानंतरही नव्या संघटनेने दोन्ही अधिवेशने चालू ठेवली. वसंत ऋतूतील अधिवेशन आशियाई अभ्यासाच्या परिषदेबरोबर आणि शरद ऋतूतील अधिवेशन भाषाशिक्षकांच्या मेळाव्याबरोबर. विद्यापीठाच्या शिक्षकाला आपले व्यासपीठ गमवावे लागले नाही आणि शाळेच्या शिक्षकालाही नाही. राज्याराज्यांतील स्थानिक संघटना बरखास्त न होता संलग्न राहिल्या. दप्तर एक झाले, पण ओसऱ्या दोन राहिल्या. विलीनीकरणात कोणाचे काय जाते, याचा विचार आधीच केला, तर विरोधाची धार बोथट होते, हा या गोष्टीचा अर्थ.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेचे उदाहरण आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाही. आपल्याकडील बहुतेक व्यावसायिक मंडळे १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली असतात. या कायद्याच्या बाराव्या कलमात एका संस्थेचे दुसऱ्या संस्थेत एकत्रीकरण करण्याची पद्धत दिली आहे. कार्यकारी मंडळाने आपला प्रस्ताव लेखी किंवा छापील स्वरूपात सभासदांपुढे ठेवावा लागतो. विशेष सभेच्या दहा दिवस आधी तो प्रत्येक सभासदाला मिळावा किंवा टपालाने पाठविलेला असावा लागतो. त्या सभेत तीन-पंचमांश सभासदांचा कौल मिळाला पाहिजे. एवढ्यावर भागत नाही. एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा बोलवावी लागते आणि तेथे उपस्थित सभासदांपैकी तीन-पंचमांशांनी त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब करावे लागते.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या कायद्याने मधला एक महिना राखून ठेवला, यामागे शहाणपण आहे. सभागृहातील उत्साह ओसरल्यावर सभासदाने घरी बसून विचार करावा, हा त्याचा हेतू. त्या महिन्यात संघटनेच्या धुरीणांनी काय करावे? दूरच्या सभासदाकडे जावे. भोरला वर्ग चालविणारा एखादा शिक्षक पुण्यातील सभेला येऊ शकला नसेल, तर त्याचे म्हणणे ऐकण्याची हीच वेळ.

महाराष्ट्रात अशा संस्थांची नोंदणी बहुधा सार्वजनिक न्यास म्हणूनही झालेली असते. त्यांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. त्याच्या ५०-अ या कलमान्वये, दोन किंवा अधिक न्यासांचा कारभार एकत्र होणे हिताचे आहे, असे धर्मादाय आयुक्तांचे मत झाल्यास ते सामाईक योजना आखू शकतात. त्यासाठी राजपत्रात सूचना द्यावी लागते आणि विश्वस्तांना व अन्य हितसंबंधितांना बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. थोडक्यात, दोन अध्यक्षांनी हस्तांदोलन केले आणि विलीनीकरण झाले, असे होत नाही.

यापुढे पैशाचा प्रश्न येतो. जपानी भाषेच्या संस्थांना कधी परदेशातून साहाय्य मिळते. विदेशी अंशदान विनियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेले असे अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. प्राप्तिकरातील सवलतीची नोंदणीही संस्थेगणिक असते. शिवाय धर्मादाय आयुक्तांचा अधिकार महाराष्ट्रातील न्यासांपुरता. पुण्याची संस्था आणि दिल्लीची किंवा बंगळूरची संस्था यांना एक व्हायचे झाल्यास दोन राज्यांच्या कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतील. म्हणूनच देशपातळीवर आधी महासंघ आणि राज्यपातळीवर, जेथे गरज असेल तेथे, पूर्ण एकीकरण, असा क्रम अधिक व्यवहार्य दिसतो. तोही अमेरिकेतील आघाडीच्याच वाटेने जाणारा.

भोर आणि पानशेतचा अनुभव

'विलीनीकरण' हा शब्द भोरकरांना परका नाही. भोर हे पंतसचिवांचे संस्थान. प्रचंडगड, राजगड, विचित्रगड, पवन मावळ आणि सुधागड हे त्याचे पाच तालुके. स्वातंत्र्यानंतर भोर, औंध, फलटण, सांगली यांसारख्या दक्षिणी संस्थानांनी एकत्र येऊन संयुक्त दख्खन संस्थान स्थापन करण्याचा प्रयत्न केला. तो प्रयोग टिकला नाही आणि ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. भोरच्या बाबतीत परिणाम असा झाला, की सुधागड तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात गेला आणि बाकीचा बराचसा मुलूख पुणे जिल्ह्यात आला. जे शहर राजधानी होते, ते तालुक्याचे गाव झाले. लोकशाहीत हे व्हायलाच हवे होते, यात शंका नाही. तरीही एकीकरणात केंद्र हलते आणि हललेल्या केंद्राची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, ही गोष्ट भोरने जवळून पाहिली आहे.

नावाचेही तसेच. वेल्हे तालुक्याला राजगडचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. संस्थानी काळातील तालुक्याचे नाव अशा रीतीने परत आले. बोलण्यात मात्र 'वेल्हे' अजून सुटत नाही, आणि प्रस्तुत लेखातही ते सुटलेले नाही. संघटनांच्या एकीकरणातील निम्मी भांडणे नावावरून होतात, ती उगाच नव्हेत. नावात माणसाचे श्रम आणि आठवणी असतात. ती पुसण्याची घाई करू नये.

तिसरा अनुभव अगदी अलीकडचा आणि थेट शिक्षणाचा आहे. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे मांडला, तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळबरोबर पानशेतचे उदाहरण देण्यात आले. लहान लहान वाड्यांवरील शाळांतील मुलांना एका सुसज्ज शाळेत आणावे, तेथे पुरेसे शिक्षक, प्रयोगशाळा, क्रीडांगण द्यावे, असा त्यामागचा युक्तिवाद. तो खोटा नाही. चार मुलांच्या शाळेत खेळायला जोडीदारही मिळत नाही. परंतु यावर राज्यभर जी चर्चा झाली, तिचा रोख एकाच मुद्द्यावर होता : पावसाळ्यात, ओढ्याला पूर आला असता, सहा वर्षांचे मूल रोज तिथवर कसे पोहोचणार? साधनसामग्री एकत्र केल्याने दर्जा वाढतो आणि अंतरही वाढते. या दोहोंचा मेळ घालणे, हेच कोणत्याही एकीकरणाचे खरे काम आहे.

जपानलाही हा अनुभव नवा नाही. १९९९ ते २०१० या काळात तेथे स्थानिक स्वराज्य संस्थांचे मोठ्या प्रमाणावर एकत्रीकरण झाले. तीन हजार दोनशेहून अधिक शहरे, कसबे आणि खेडी होती; ती सतराशेच्या घरात आली. खर्च वाचला, परंतु डोंगरातील खेड्यांना आपले कार्यालय दूर गेल्याची खंत राहिली. जपानीत या एकत्रीकरणाला 'गाप्पेई' म्हणतात. आपल्या जपानीच्या शिक्षकांना हा शब्द ठाऊक असेलच. त्यामागचा धडाही त्यांच्या उपयोगी पडावा.

मराठीतून जपानी

एकत्र आलेल्या संघटनेने करावे असे काम कोणते? माझ्या मते पहिले काम मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचे आहे. आपल्याकडे जपानी बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकविली जाते. पाठ्यपुस्तके जपानमधून येतात आणि व्याकरणाचे स्पष्टीकरण इंग्रजीत असते. भोरच्या किंवा वेल्ह्याच्या मुलाला मग आधी इंग्रजीचा डोंगर चढावा लागतो आणि तेथून जपानीत उतरावे लागते. वास्तविक या दोन भाषांमधली थेट वाट फार सोपी आहे.

'वाताशी वा मिझु ओ नोमिमास' या जपानी वाक्यात 'मी', 'पाणी' आणि 'पितो' हे शब्द मराठीतल्याच क्रमाने येतात. क्रियापद शेवटी. विभक्तिप्रत्यय नामाच्या मागून लागतात, तसे जपानीत 'वा', 'ओ', 'नी' हे निपात नामाच्या मागून येतात. 'मित्राला देतो' यातील 'ला' आणि जपानीतील 'नी' यांचे नाते मराठी मुलाला एका वाक्यात सांगता येते. इंग्रजीतून तेच सांगायला अर्धे पान लागते. देण्याघेण्याची 'आगेरु', 'कुरेरु', 'मोराउ' ही तीन क्रियापदे इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याला हमखास चकवितात. मराठी मुलाला निदान 'मिळणे' हे क्रियापद आधार द्यायला असते. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतील भेद ज्याच्या जिभेवर आहे, त्याला जपानीतील आदरार्थी रूपांची कल्पना तरी परकी वाटत नाही. एवढेच काय, जपानी अक्षरांचा 'आ-का-सा-ता-ना' हा क्रमही संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे. बौद्ध धर्माबरोबर तो तेथवर पोहोचला.

कांजीचा अभ्यास मात्र कष्टाचाच आहे. तेथे मराठीची फारशी मदत होत नाही. म्हणूनच जेथे मदत होते, तेथील वेळ वाचवून तो कांजीला द्यायला हवा. असे मराठी टिपण एका शिक्षकाने लिहिले, तर ते त्याच्या वर्गापुरते राहते. दहा शिक्षकांनी मिळून लिहिले, विद्यापीठाच्या प्राध्यापकाने तपासले, खासगी वर्गातल्या शिक्षिकेने मुलांवर वापरून पाहिले, तर ते महाराष्ट्राचे होते. जपान फाउंडेशनने २०२० मध्ये जपानमधील दैनंदिन जीवनावर आधारित 'इरोदोरी' ही पाठ्यपुस्तके विनामूल्य उपलब्ध करून दिली. त्यांच्या जोडीला मराठी टिपणे आली, तर तालुक्याच्या गावातील वर्गाला पुस्तकांचा खर्चही पडणार नाही. हे काम विखुरलेल्या मंडळांच्या आवाक्यातले नाही. एकीकरणाचे सर्वांत भक्कम समर्थन हेच आहे.

हे स्वप्नरंजन नाही, याला एक दाखला आहे. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट या गावच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलांना परकीय भाषा निवडण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी जपानी निवडली. रोबो आणि तंत्रज्ञान शिकायचे, तर जपानी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. शहरातील एका जाणकाराने त्यांना दूरस्थ पद्धतीने शिकविण्याची तयारी दाखविली. २०२० मध्ये या उपक्रमाच्या बातम्या देशभर झळकल्या. खेड्यात ओढ आहे, हे यावरून दिसते. पण एका माणसाच्या सद्भावनेवर चालणारा उपक्रम त्या माणसाच्या सवडीवर अवलंबून असतो. त्याला सातत्य द्यायचे, तर मागे संस्था हवी.

आक्षेप आणि त्यांचे वजन

एकीकरणाच्या विरोधातले मुद्देही हलके नाहीत. लहान संघटनेत सर्वजण एकमेकांना ओळखतात. कोणाला मदत हवी, कोणाला कान उघाडणी हवी, हे कळते. मोठ्या संघटनेत पदांची चढाओढ सुरू होते, निवडणुका होतात आणि शिकविण्यापेक्षा सभांनाच अधिक वेळ जातो. विद्यापीठाची मंडळी धोरणे ठरवितात आणि खासगी शिक्षक टाळ्या वाजवितात, अशीही भीती असते. मराठी माणसाला संस्था काढण्याची हौस आणि त्या फोडण्याचीही हौस, असे आपण गमतीने म्हणतो. त्या गमतीत थोडे सत्य आहे.

या आक्षेपांना उत्तर एकच. विलीनीकरणाआधीच घटनेत काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. कार्यकारिणीत विद्यापीठ, महाविद्यालय, शाळा आणि खासगी वर्ग या चारही स्तरांना राखीव जागा असाव्यात. त्यातली किमान एक जागा महानगराबाहेरच्या शिक्षकासाठी असावी. स्थानिक शाखांना स्वतःचे कार्यक्रम आणि त्यापुरता निधी ठेवण्याची मुभा असावी. वर्गणी उत्पन्नाच्या प्रमाणात असावी. चार विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या गृहिणीकडून आणि पगारदार प्राध्यापकाकडून सारखीच रक्कम घेऊ नये. आणि सभासदांची एक खुली सूची असावी, म्हणजे गावातल्या पालकाला अमुक शिक्षकाची पातळी कोणती, त्याने कोणते प्रशिक्षण घेतले आहे, हे विचारता येईल.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. परदेशी नोकरीच्या नावाखाली फसवणूक होण्याचा धोका भाषेच्या वर्गापासूनच सुरू होतो. तीन महिन्यांत एन-४ करून देतो, असे कोणी सांगितले, तर ते कितपत शक्य आहे, हे वेल्ह्यातील शेतकरी बापाने कोणाला विचारावे? आज त्याला विचारायला जागा नाही. ती जागा निर्माण करणे हे शिक्षकांच्या संघटनेचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी एकच पत्ता, एकच यादी आणि एकच आवाज असणे अधिक सोयीचे.

कसोटी

भोर, वेल्हे आणि मुळशी हे तीन तालुके मिळून विधानसभेचा एक मतदारसंघ होतो. येथील मतदाराला आपल्या प्रतिनिधीविषयी नेहमी एकच प्रश्न पडतो : निवडून आल्यावर हा आमच्या घाटात पुन्हा येणार का? जपानी शिक्षकांच्या एकत्रित संघटनेलाही हाच प्रश्न विचारायला हवा. पुण्यात अधिवेशन थाटात होईल, दूतावासाचे पाहुणे येतील, छायाचित्रे छापून येतील. ते सारे होवो. परंतु वर्षातून एक कार्यशाळा भोरला झाली का? पानशेतच्या समूह शाळेतील एखाद्या शिक्षकाला हिरागाना शिकण्याची संधी मिळाली का? परीक्षेसाठी पुण्याला येणाऱ्या मुलीला आधी सराव परीक्षा तिच्याच तालुक्यात देता आली का?

या प्रश्नांची उत्तरे 'होय' अशी येत असतील, तर संघटना एक असो की तीन, काम योग्य दिशेने चालले आहे असे समजावे. उत्तरे 'नाही' अशी असतील, तर तीन-पंचमांश मते मिळवून झालेले एकीकरणही केवळ पाटीपुरते राहील. पुण्याने ओकायामाच्या धर्तीवर बाग उभी केली, तिला आता बरीच वर्षे झाली. त्या बागेवरून पुढे जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटी जे गाव आहे, तेथे जपानी भाषेचे रोप लावायचे, तर माळी एकापेक्षा अधिक लागतील. त्यांनी पाण्याची पाळी तेवढी आपसांत ठरवून घ्यावी.